लाल ट्रॉलीवरचा ब्लॉक

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना वर्कशॉपातली माणसं पाठीमागे 'बीड' म्हणतात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वाकत नाही, तापलं तरी सहसा आकार सोडत नाही, आणि ताण हाताबाहेर गेला की मोठा आवाज करून तडकतं. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याने माणूस नीट पाहिला होता. दाजींना ते नाव माहीत आहे. वर त्यांना ते आवडतं. माझ्या रागाची सुरुवात इथूनच होते.

मी त्यांच्या वर्कशॉपचं ऑफिस सांभाळतो. मी वाणिज्य शाखेचा माणूस. खरेदी, गिऱ्हाइकं, फोन, पगार माझ्याकडे. मशीन आणि आरडाओरडा त्यांच्याकडे. लवकरच मी हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन घरी बसणार आहे. त्याआधी दाजींबद्दल क्रमाने काही लिहून ठेवावं असं मनात होतं. गोड लिहायचा विचार होता. तो सोडून दिला.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं लांब दालन. एका टोकाला माझी काचेची खोली. मधे मशीनची रांग: सिलेंडरची भोकं मोठी करणारं बोअरिंग मशीन, ती आतून गुळगुळीत करणारं होनिंग मशीन, आणि वर रुळावर सरकणारी, जड भाग उचलणारी चेनपुली. दुसऱ्या टोकाला धुण्याची खोली आणि तिथे कॉस्टिक सोड्याची गरम टाकी. वर्षानुवर्षांची काजळी, तेल, रंग, गंज, काहीही असो, इंजिनाचा लोखंडी ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलेंडर असतात तो ठोकळा, त्या टाकीत बुडवला की दुसऱ्या दिवशी नव्यासारखा बाहेर येतो.

टाकीवरच्या माणसाला आम्ही सगळे 'बुडव्या' म्हणतो. तो स्वतःही फोनवर "बुडव्या बोलतोय" असंच सांगतो. त्याच्यासाठी नियम एकच. लाल ट्रॉलीवर जे असेल ते टाकीत. निळ्या ट्रॉलीवर जे असेल ते साध्या साबणाच्या पाण्याने. पूर्वी तो विचारायचा, "मालक, हे टाकायचं ना?" एकदा असंच विचारलं तेव्हा दाजी गिऱ्हाइकासमोर त्याच्यावर उखडले. "लाल ट्रॉलीवर आहे ना? मग विचारतोस काय? डोकं वापरायचा पगार देत नाही मी तुला. बुडव!" त्या दिवसापासून बुडव्याने विचारणं बंद केलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या एका वाक्यात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. दाजींना एक धाकटा भाऊ आहे. दोघांनी मिळून हे वर्कशॉप उभं केलं. एकदा धाकट्याने एका इंजिनात बेअरिंगच्या टोपीचा एक बोल्ट हाताने फिरवून ठेवला आणि पान्याने आवळायचा विसरला. इंजिन रस्त्यावर फुटलं. कोणाला इजा झाली नाही. दाजींनी सगळ्या कामगारांना गोळा केलं, भावाला मधे उभं केलं आणि म्हणाले, "चूक करणाऱ्याला मी शिकवतो. विसरणाऱ्याला शिकवता येत नाही. विसरणारा माझ्या शॉपात राहणार नाही." भाऊ गेला. गावाच्या दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. दोघं तेव्हापासून बोलत नाहीत. त्यानंतरही विसरण्यावरून काही माणसं गेली. एक जण तर इंजिनातल्या तेलाच्या वाटेत फडकं विसरला म्हणून दुपारचा डबा अर्धवट टाकून गेला.

आता भाचीकडे येतो. दाजींची एकुलती एक मुलगी. डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर एकेकटी गाडी सोडून वेळ मोजतात, त्या शर्यतीत ती गाडी चालवते. गाडीचं इंजिन वडिलांनी बांधलेलं: आठ सिलेंडर, नऊ लिटरच्या वर, आणि अर्थातच बिडाचा ब्लॉक. ताकदीला तोड नव्हती. पण गाडीचं नाक जड. सरळ रस्त्यावर ती सगळ्यांच्या पुढे, आणि वळण आलं की गाडी वळायच्या ऐवजी सरळच जायला बघायची. गेल्या मोसमात ती दोनदा कठड्याला घासली.

"बाबा, मला अॅल्युमिनियमचा ब्लॉक हवा," ती एक दिवस वर्कशॉपात येऊन म्हणाली. "वजन निम्म्यावर येतं. तेही बरोबर पुढच्या चाकांवरचं."

"अॅल्युमिनियमची पातेली करतात," दाजी मशीनवरून मान न वळवता म्हणाले.

"मग मला पातेलं द्या."

"त्यात काय शिजवणार आहेस? तापलं की बिडाच्या दुप्पट फुगतं ते. थंड असताना ठेवलेली बेअरिंगची फट गरम झाल्यावर राहते का बघ. बोल्ट जरा जास्त आवळला की आटे हातात येतात. या ताकदीला तो ब्लॉक पिळवटेल."

"फट आधीच कमी ठेवायची. आट्यांत स्टीलची बुशं बसवायची. आणि सिलेंडर फुटला तर नुसती आतली लायनरची लोखंडी नळी बदलता येते, ब्लॉकला वेल्डिंग करता येतं. तुमचं बीड तडकलं की भंगारात."

"माझं बीड तडकत नाही."

"तुमचं नाही, बाबा. इंजिनाचं बोलतेय मी."

मशीनवरचे दोघे तोंड फिरवून हसले. दाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच विझलं.

हा वाद घरी, वर्कशॉपात, गाडीत, जिन्यात, सगळीकडे चालला. ताई जेवताना दोघांच्या मधे पाण्याचा जग ठेवायची आणि म्हणायची, "ही सीमा. याच्या अलीकडे इंजिन आणायचं नाही." पण एक मान्य करावं लागेल. दाजी नको नको म्हणत असताना स्वतःच ब्लॉकची माहिती काढत होते. पातळ भिंतींचा हलका ब्लॉक त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला. "पंख्याला लावायला ठीक आहे," म्हणाले. मग जाड पाठीचा एक प्रकार त्यांना पटला. त्यात क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, धरून ठेवणाऱ्या टोप्या स्टीलच्या होत्या, आणि त्या खालूनच नव्हे तर बाजूनेही बोल्टने बांधलेल्या.

तो आणायला आम्ही तिघं आयात करणाऱ्याच्या गोदामात गेलो. दाजींनी स्वतःचा मायक्रोमीटर आणि छोटी हातोडी नेली होती. पहिला ब्लॉक उलटा केला, टिचकी मारून ऐकलं, लायनरच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा नको. लायनर एका बाजूला बसलाय." दुसऱ्याची भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघाली. तिसऱ्याला नुसतं पाहून मान हलवली. गोदामवाला वैतागला. "साहेब, लोक खोकं न उघडता घेऊन जातात."

"लोक लग्नंही तशीच करतात," दाजी म्हणाले आणि चौथं खोकं उघडायला लावलं. तो ब्लॉक त्यांनी घेतला. परतताना भाची मागच्या सीटवर खोक्यावर हात ठेवून बसली होती. दाजी पुढून म्हणाले, "पातेलं सांडू नकोस." ती हसली. त्या महिन्यात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

हे मी मुद्दाम सांगतोय. ज्याला एखादी वस्तू मारायची असते तो ती चार खोकी उघडून निवडत नाही.

काम सुरू झालं. दाजींनी ब्लॉक स्वतः बोअर केला, स्वतः होन केला. कोणाला हात लावू दिला नाही. शेवटचा सिलेंडर पुरा झाला त्या दिवशी भाची आली. तिने भिंतीवरचं, भोक मोजायचं बोअर गेज काढलं आणि वडिलांनी नुकताच पुरा केलेला सिलेंडर वडिलांच्या देखत मोजायला घेतला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या धंद्यात उस्तादाने केलेलं काम त्याच्या समोर पुन्हा मोजणं म्हणजे त्याच्या तोंडावर "तुझ्यावर विश्वास नाही" म्हणणं आहे. दाजी स्वतः सगळ्यांचं काम पुन्हा मोजतात. त्यांचं आजवर कोणी मोजलेलं नव्हतं.

मी ऑफिसात फोनवर होतो. काचेतून शब्द ऐकू येत होते.

"काय निघालं?" दाजींनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग मोजलंस कशाला?"

"मोजायचं असतं म्हणून. तुम्हीच शिकवलंत."

"मी शिकवलं ते माझ्या खालच्या माणसांना. मला नाही."

"गाडीत मी बसते, बाबा. कठड्यावर मी जाते. तुम्ही नाही."

"मग बांध तूच! घे पाना! काकाकडे जा, तो विसरून बांधून देईल!"

ती गेज टेबलावर ठेवून निघून गेली. दाजी तोंडाने काहीतरी बडबडत राहिले. चेनपुलीचा खडखडाट झाला, ब्लॉक वर उचलला गेला, खाली ठेवला गेला. खालचा भाग माझ्या काचेतून दिसत नाही. मग दाजी पाय आपटत बाहेर गेले आणि गाडीचा दरवाजा आदळल्याचा आवाज आला.

काही वेळाने बुडव्या माझ्या दारात आला. हातमोज्यांतून पाणी गळत होतं.

"साहेब, टाकीला फेस आलाय."

"कसला फेस?"

"माहीत नाही. लोखंडाला कधी येत नाही. झाकण वर उचललं जातंय."

मी धावलो. टाकीच्या चारी कडांवरून करडा फेस उतू जात होता आणि नाकात झोंबणारी वाफ सुटली होती. कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही. अॅल्युमिनियमला ते खातं. ही गोष्ट आमच्या वर्कशॉपात झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे. पण बुडव्याने ट्रॉलीवर काय आहे ते पाहिलं नव्हतं. पाहायचं नाही, विचारायचं नाही, असाच त्याला हुकूम होता. ट्रॉलीचा रंग पाहिला आणि साखळी लावली.

वर काढला तेव्हा ब्लॉक काळा पडला होता. काजळी पाण्याने धुतल्यावर खाली जे दिसलं ते ओल्या खडूसारखं होतं. सगळा माथा खरबरीत, क्रँक बसायच्या जागा खाल्लेल्या, आट्यांच्या कडा गेलेल्या. फक्त आठ लोखंडी लायनर तेवढे शाबूत, चकाकत उभे.

दाजी परत आले. भाचीही आली, तिला कोणीतरी फोन केला होता. ती ब्लॉकभोवती एक फेरी मारून आली.

"कोणी?" तिने विचारलं.

बुडव्या पुढे आला. "लाल ट्रॉलीवर होता, ताई."

"लाल ट्रॉलीवर कोणी ठेवला?"

"मी," दाजी म्हणाले.

"मुद्दाम?"

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणायचं होतं. सगळं वर्कशॉप थांबलं होतं. दाजींनी माणसांकडे पाहिलं. याच जागी त्यांनी भावाला उभं केलं होतं. मग लायनरवर बोटाने टकटक करून म्हणाले, "बघ. लोखंडाला काही झालं नाही. मला हा नकोच होता."

भाचीने आपलं जाकीट उचललं आणि गेली. तिने घरही सोडलं; मैत्रिणीकडे राहायला गेली. जुन्या इंजिनाचे सगळे भाग काकाच्या वर्कशॉपात हलवले.

मी त्या संध्याकाळी दाजींना धरलं. "तुम्ही विसरलात. रागाच्या भरात हात सवयीने लाल ट्रॉलीकडे गेला. एवढंच झालंय. तिला तसं सांगा."

"मी विसरलो?" ते इतक्या जोरात ओरडले की काच थरथरली. "साळेबुवा, मी विसरत नाही."

"म्हणजे पोटच्या पोरीचं इंजिन मुद्दाम मारलंत असं म्हणायचंय तुम्हाला?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. या माणसाला दुष्ट म्हणवून घेणं चालणार होतं. विसराळू म्हणवून घेणं चालणार नव्हतं. विसरलो म्हटलं की त्यांच्याच न्यायाने त्यांना त्याच दारातून बाहेर जावं लागणार होतं. मग पोरगी गेली तरी चालेल. बायको उपाशी झोपली तरी चालेल. बुडव्याने तर दोनदा राजीनामा आणून दिला. दोन्ही वेळा दाजींनी तो फाडला आणि "तुझी चूक नाही" एवढं म्हणाले. मग कोणाची, ते मात्र नाही.

घरी ताईने वेगळा मार्ग काढला. ती दाजींशी माझ्यामार्फत बोलायला लागली, दाजी समोर बसलेले असतानासुद्धा. "त्यांना सांग, भात वाढलाय." दाजी म्हणायचे, "तिला सांग, दिसतोय." मी दोघांच्या मधे बसून निरोप्याचं काम करायचो. एकदा मी भडकून उठलो. "माझं जेवण थंड होतंय!"

ताई म्हणाली, "त्यांना सांग, तुझं जेवण त्यांच्यामुळे थंड होतंय."

असे कितीतरी आठवडे गेले. मग एका सकाळी वर्कशॉपच्या फाटकापाशी एक टेम्पो येऊन थांबला. चालवत होता दाजींचा धाकटा भाऊ. तो खाली उतरला नाही. मागून भाची उतरली. टेम्पोत एक ब्लॉक होता, अॅल्युमिनियमचा, नवा. एका रेसरने मोसम सोडला होता. त्याच्याकडून तिने तो मिळवला होता. काकाच्या छोट्या मशीनवर एवढं मोठं भोक बसत नव्हतं. तेवढं मोठं मशीन फक्त आमच्याकडे होतं.

तिने आत येऊन लाल ट्रॉली ओढत बाहेर नेली. आमच्या दोन माणसांनी आणि तिने मिळून ब्लॉक त्या लाल ट्रॉलीवर ठेवला. मग ती ट्रॉली ढकलत दालनाच्या मधोमध घेऊन आली आणि दाजींच्या समोर सोडली.

"हा घ्या," ती म्हणाली. "हाही तुम्हाला नकोच आहे ना? मग घाला टाकीत. बुडव्यादादा, लाल ट्रॉलीवर आहे. घ्या."

"ताई..." बुडव्या म्हणाला.

"विचारायचं नाही. नियम आहे इथला. घ्या!"

दाजी हाताची घडी घालून उभे. बुडव्याने एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. कोणीच नाही म्हणेना. तो बिचारा हळूहळू ट्रॉली ढकलत धुण्याच्या खोलीकडे निघाला.  मी माझ्या खोलीतून बाहेर आलो आणि ओरडलो, "दाजी, बोला!" भाचीने माझ्याकडे हात केला, थांब म्हणून. तिची नजर बापावर होती. हा ब्लॉक गेला असता तर तिचा मोसम गेला असता, आणि मला वाटतं, बापही. तिने दोन्ही एकाच ट्रॉलीवर ठेवलं होतं.

बुडव्याने टाकीचं झाकण उघडलं. साखळी ब्लॉकला लावली. चेनपुली खडखडली.

"थांब!" दाजी ओरडले.

बुडव्या थांबला. ब्लॉक टाकीच्या वर लोंबकळत होता.

"का थांबायचं?" भाची म्हणाली.

"थांब म्हणतोय ना!"

"का पण? मागच्या वेळी नाही थांबवलंत. मुद्दाम घातलात ना तो? आताही घाला."

"विसरलो होतो!" दाजींचा चेहरा लालबुंद झाला होता. "विसरलो! तू मला मोजलंस, माझं डोकं फिरलं, आणि हातात काय आहे ते विसरलो! बस? झालं समाधान? घे, सगळ्यांनी ऐका, मी विसरलो!"

 बाहेर टेम्पोचं इंजिन बंद झालं. काका फाटकातून आत आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो दाजींपासून हातभर अंतरावर येऊन थांबला.

"जरा मोठ्याने बोल, दादा. माझं इंजिन चालू होतं."

"ऐकलंयस तू."

"ऐकलं. आता तुला कोण काढणार?"

मला वाटलं, दाजी त्याच्या अंगावर जातील. पण ते म्हणाले, "काढ की. तुझ्या बोल्टच्या वेळी मी काढलं. आता तू काढ. नाहीतर ही काढेल, तुझी पुतणी."

"आधी बोअर करा," भाची म्हणाली.  "मग काढते."

"आणि त्याला आधी खाली उतरव, गाढवा!" दाजी बुडव्यावर ओरडले. "टाकीवर काय लोंबकळत ठेवलायस?"

"कुठल्या ट्रॉलीवर, मालक?" बुडव्याने विचारलं.

  "निळ्या," दाजी म्हणाले. "आणि यापुढे विचारत जा."

माफी कोणी मागितली नाही. काकाला परत या असं कोणी म्हटलं नाही. तो ब्लॉक मशीनवर चढेपर्यंत थांबला आणि टेम्पो घेऊन गेला. कधीमधी फोन येतो, तो माझ्याकडे, आणि दाजी शेजारी उभे राहून विचारतात, "काय म्हणतोय?" मी फोन त्यांच्या हातात देतो आणि बाहेर जातो. ताईच्या निरोप्याची नोकरी मी तूर्त सोडली आहे.

त्या दिवशी पहिला सिलेंडर पुरा झाला तेव्हा भाची बाजूला उभी होती, हात पाठीमागे बांधून. भिंतीवरच्या गेजकडे तिने पाहिलंही नाही. दाजींनी मशीन थांबवलं, भोक पुसलं आणि स्वतः जाऊन ते गेज काढून आणलं.

"मोज."

"नको."

"मोज म्हणतो ना. नंतर कठड्यावर जाऊन माझ्या नावाने बोंब मारशील."

तिने मोजलं. आकडा मोठ्याने सांगितला. दाजींनी मान हलवली, आणि तिच्या हातून गेज घेऊन तेच भोक स्वतः पुन्हा मोजलं.

"तुमचा विश्वास नाही का माझ्यावर?" ती म्हणाली.

"नाही," दाजी म्हणाले. "पातेलं आहे ते. पुढचं लाव."